जामघाट आणि पूर्तधर्म

इंदूरहून महूमार्गे दक्षिणेस निघाले म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरवर माळव्याचे पठार एकाएकी संपते. पायाखाली विंध्याद्रीचा तुटलेला कडा, समोर निमाडचा सखल मुलूख आणि पलीकडे नर्मदेचे खोरे! या कड्यावरील भव्य दगडी वास्तू म्हणजे अहिल्याबाई होळकरांचा जामदरवाजा. पावसाळ्यात त्याच्या कमानीत ढग उतरू लागले की इंदूरकर मंडळी येथे लोटतात. आम्हीही या घाटाची वाट पायी उतरलो आहोत. सृष्टिशोभा पाहून डोळे निवतात हे खरे. परंतु ही वाट शोभेसाठी झालेली नाही.

१७६७ साली राज्यकारभार हाती आल्यावर बाईंनी महेश्वर ही राजधानी केली. दरबार नर्मदातीरी, तर इंदूर व सभोवतालचा मुलूख पठारावर. आणि मध्ये विंध्याची भिंत! फौज, टपाल, व्यापारी, यात्रेकरू या सर्वांस ती ओलांडणे प्राप्त होते. १७९१ साली उभारलेल्या या दरवाज्यावर संस्कृत शिलालेख आहे. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पर्वत जवळजवळ उभा असलेल्या जागी बाईंनी मोठ्या कष्टाने व खर्चाने रस्ता बांधविला, अशी नोंद केली आहे.

काशीविश्वनाथाचे मंदिर बाईंनी १७८० साली उभारले, हे आपणांपैकी सर्वांस ठाऊक असते. जामघाटाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. आमच्या मते या दोन कार्यांत भेद करणे शास्त्रास धरून नाही. धर्मशास्त्राने पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन विभाग केले. यज्ञयाग हे इष्ट. देवालय, विहीर, तलाव, अन्नदान हे पूर्त. म्हणजे देवालय व विहीर एकाच पंक्तीस बसतात! पांथस्थाचे श्रम हलके करणारा घाट त्याच पंक्तीतला. तो राज्याच्याही सोयीचा होता, म्हणून त्याचे पुण्य उणावत नाही.

शिल्लक द्रव्य शिखराच्या सुवर्णलेपनास लावावे की यात्रेकरूंच्या वाटेस, पाण्यास व निवाऱ्यास, असा प्रश्न आज अनेक देवस्थानांच्या विश्वस्तांपुढे येतो. दुसऱ्या खर्चास धर्मबाह्य मानणाऱ्यांनी एकदा जामघाट पायी उतरावा. ज्या हातांनी काशीस देवालय उभारले, त्याच हातांनी येथे दगड फोडवून वाट केली आहे.