वसईचा उपवासकाळ : यातनापुराण आणि पुनरुत्थानाच्या तयारीची भाषा

ख्रिस्ती वर्षातील सर्वांत मोठा सण नाताळ नव्हे, तर ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण होय, ही गोष्ट ख्रिस्ती समाजाबाहेरील मराठी वाचकाच्या सहसा ध्यानी येत नाही. त्याहूनही कमी ध्यानी येते ती ही गोष्ट, की ह्या सणाचे खरे महत्त्व त्याच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या तयारीत साठविलेले असते. वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना पोर्तुगीज सत्ता, किल्ला, चर्चच्या इमारती आणि चिमाजी आप्पांची मोहीम ह्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ह्या समाजाने आपली आंतरिक तयारी कोणत्या भाषेतून आणि कोणत्या वाङ्मयप्रकारातून केली, हा प्रश्न अजून बाजूलाच राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम उपवासकाळाचे स्वरूप पाहू. इ. स. ३२५ च्या निकिया येथील धर्मपरिषदेच्या नियमांत ईस्टरपूर्वीच्या ‘चाळीस दिवसां’चा उल्लेख आढळतो. मूळात हा काळ दोन प्रकारच्या लोकांसाठी होता. ज्यांना ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घ्यावयाचा आहे त्यांची ही शिकवणीची मुदत होती, आणि ज्यांच्या हातून मोठे पातक घडले आहे त्यांची ती प्रायश्चित्ताची मुदत होती. पुढे सर्वच श्रद्धावंतांनी ती पाळावी असा प्रघात पडला. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून हा काळ सुरू होतो. ही राख मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. तेथून ईस्टरपर्यंत शेहेचाळीस दिवस भरतात. त्यांतील सहा रविवार उपवासाचे नसल्यामुळे ते वगळले म्हणजे चाळीस उरतात.

सणाचा दिवस चंद्रावरून ठरतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. साहजिकच हा सण फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेच्या मागोमाग येतो. २०२३ साली ६ एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे होता. २०२४ साली २५ मार्चला धुळवड आणि ३१ मार्चला ईस्टर होता. वसईच्या गावांत शेजारी राहणाऱ्या दोन समाजांचे व्रतदिवस अशा रीतीने एकाच चंद्राच्या आधाराने चालत आले आहेत.

आता वसईकडे वळू. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांचे धर्मोपदेशक येथे आले. नंदाखाल येथील पवित्र आत्म्याच्या चर्चसारख्या धर्मग्रामांचा आरंभ सोळाव्या शतकातलाच आहे. ह्या धर्मांतरांमागे केवळ उपदेश नव्हता; राज्यसत्तेचे दडपण, प्रलोभन आणि देवळांचा विध्वंस हेही त्यामागे होते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. तथापि दोनतीन पिढ्यांतच ह्या भूमीतून स्वतःच्या श्रद्धेसाठी प्राण देणारी माणसे निघाली, हेही तितकेच खरे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ह्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. वसईच्या श्रोत्याला क्रुसाची कथा ही केवळ दूरच्या यरुशलेमची कथा राहिली नाही, ह्याचे एक कारण येथे सापडते.

परंतु ह्या नवख्रिस्ती समाजापुढे एक मोठी अडचण होती. चर्चमधील उपासना लॅटिन भाषेत चालत असे. पवित्र सप्ताहातील येशूच्या यातनांचे दीर्घ वाचन, गुड फ्रायडेची प्रार्थना, पुनरुत्थानाची घोषणा, हे सारे लॅटिनमध्येच. भाविकाला प्रसंग दिसत होता, घंटा थांबल्याचे व वेदी उघडी केल्याचे कळत होते, पण शब्द कळत नव्हते. चाळीस दिवस मनाची मशागत करावयाची ती कोणत्या बियाण्यासाठी, हे त्याला सांगणारे काहीतरी त्याच्या भाषेत हवे होते.

हीच अडचण गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ओळखली होती. १५७९ साली गोव्यास आलेल्या ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी एक प्रसंग घातला आहे. पूर्वीची पुराणे हातची गेली, आता त्यांच्या जागी काही द्यावे, अशी मागणी एक नवख्रिस्ती करतो, आणि तिच्यातून ग्रंथाचा जन्म होतो. ह्या प्रसंगात एक महत्त्वाचे सत्य आहे. लोकांनी मागितले ते प्रवचन नव्हते, पुराण होते. ठराविक काळात, ठराविक जागी, अनेकांनी एकत्र बसून ऐकावयाचा ग्रंथ त्यांना हवा होता. चातुर्मासातील पुराणश्रवणाची जी सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरली होती, तिला नवा विषय हवा होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्टीफन्स ह्यांचे कार्यक्षेत्र असलेली साष्टी ही गोव्यातील. वसईच्या दक्षिणेस लागून असलेली साष्टी निराळी. दोन्ही नावे सारखी असल्यामुळे अभ्यासकांचा घोटाळा होतो. उत्तर कोकणातील लोकांसाठी जो ग्रंथ निर्माण झाला तो ह्यानंतर सुमारे चार दशकांनी. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराँइश ह्या पाद्रीचे पुराण १६५९ साली लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकाचा आशय ‘येशूच्या अतिदुःखद मरणाचे व यातनांचे नव्याने केलेले विवरण’ असा आहे. त्याची भाषा मात्र मुंबई-वसई भागातील ख्रिस्ती लोकांच्या मराठी बोलीशी जवळची आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ह्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण झाले, आणि उपवासकाळात तो गाण्याची प्रथा उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात होती.

ह्या दोन ग्रंथांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. स्टीफन्स ह्यांचे पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंत जाते. त्याची मराठी संतवाङ्मयाच्या ग्रांथिक वळणाची आहे. गिमाराँइश ह्यांच्या ग्रंथाचा भर शीर्षकापासूनच यातना व मरण ह्यांवर आहे आणि त्याची भाषा घरातली आहे. पहिल्याचे मोठेपण काव्याचे आहे. दुसऱ्याचे मोठेपण उपयोगाचे आहे, असे मला वाटते. लॅटिन उपासनेने जी जागा मोकळी सोडली होती, नेमकी ती जागा ह्या दुसऱ्या ग्रंथाने भरली. पापनिवेदनापूर्वी मनाला जो पश्चात्ताप व्हावा लागतो, तो उपदेशाने होतो त्यापेक्षा कथेने लवकर होतो. पेत्राने तीनदा नाकारले आणि कोंबडा आरवला, हे आपल्या बोलीत ऐकणारा माणूस आपणही कोणाला नाकारले आहे, ह्याचा विचार करू लागतो. पुराणश्रवण ही अशा रीतीने करमणूक न राहता साधना बनते.

ह्या व्यवस्थेची कसोटी १७३९ साली लागली. त्या वर्षी मे महिन्यात वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. तहाच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक होती. परंतु युरोपीय धर्मसंघ निघून गेले, त्यांची उत्पन्ने गेली, अनेक चर्चे ओस पडली. धर्मकार्याचा भार मुख्यतः देशी पाद्रींवर आला. राजाश्रयावर उभा असलेला धर्म राजाश्रय संपताच मावळावयास हवा होता. वसईत तसे झाले नाही. शेतकरी, कोळी, कारागीर अशा साध्या लोकांचा समाज आपल्या श्रद्धेसह टिकून राहिला. ह्याचे श्रेय केवळ पुराणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. देशी पाद्रींची निष्ठा, जातींची आणि गावांची बळकट घडी, मराठी राज्यकर्त्यांचे व्यावहारिक धोरण, ही कारणेही आहेत. तरीपण पाद्री क्वचितच येणार आणि आला तरी लॅटिनमध्येच मिस्सा अर्पण करणार, अशा परिस्थितीत जो धर्म लोकांच्या कंठात होता तोच घरोघर राहू शकत होता, हे अनुमान मला सयुक्तिक वाटते.

विसाव्या शतकात ह्या चित्रात मूलभूत बदल झाला. पूर्वी पुनरुत्थानाची जागरणविधी शनिवारी सकाळीच उरकली जाई. १९५१ साली पोप बारावे पायस ह्यांनी ती पुन्हा रात्री करण्यास परवानगी दिली, आणि १९५६ पासून सबंध पवित्र सप्ताहाचे सुधारलेले विधी सर्वत्र लागू झाले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. १९६६ साली उपवासाचे नियमही सौम्य झाले; राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढेच दोन दिवस उपवासाचे म्हणून बंधनकारक राहिले, आणि उरलेल्या दिवसांचा त्याग प्रार्थना व दानधर्म ह्यांच्या जोडीने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविला गेला. मासळी हेच जेथे रोजचे कालवण, तेथे केवळ मांस वर्ज्य केल्याने त्याग फारसा जाणवत नाही. किनाऱ्यावरच्या भाविकाला आपला त्याग आपणच शोधावा लागतो, हे ह्या नव्या नियमाने अधिक स्पष्ट केले.

लोकभाषेच्या प्रवेशाचा लाभ उघड आहे. येशूच्या यातनांचे वाचन, क्रुसाची वाट, जागरणाच्या रात्रीची वचने, हे सारे मराठीत आले. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. ह्याच भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या ‘सुबोध बायबल’ला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जे काम पूर्वी पुराणाने चर्चच्या बाहेर केले ते आता उपासनाच आत करू लागली. आणि येथेच ह्या इतिहासातील विरोधाभास आहे. मराठी चर्चमध्ये आली तेव्हा मराठी पुराणाची गरज सरली. शिवाय उपासनेत आली ती प्रमाण मराठी. सामवेदी, वाडवळी आणि ईस्ट इंडियन बोलींना वेदीपाशी तशी जागा मिळाली नाही. ज्या घरगुती वळणाने गिमाराँइश ह्यांचे पुराण लोकांच्या तोंडी बसले, ते वळण उपासनेच्या भाषेत उतरले नाही.

ही तक्रार नव्हे. शब्द कळणे हा भाविकाचा हक्क आहे आणि तो त्याला उशिरा का होईना मिळाला. परंतु कळणे आणि गाणे ह्यांत अंतर आहे. पूर्वीचा श्रोता लॅटिन न कळताही यातनाकथा स्वतः गात होता. आजचा श्रोता प्रत्येक शब्द कळत असताना ती बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. तयारी ही दुसऱ्याने आपल्यासाठी करावयाची गोष्ट नाही, एवढे तरी जुन्या प्रथेने शिकविले होते.

संशोधकांपुढे ह्यातून दोन कामे उभी राहतात. गिमाराँइश ह्यांच्या पुराणाची देवनागरी लिपीत, पाठचिकित्सेसह, आणि वसईच्या बोलींशी तुलना करून अभ्यासकांच्या हाती देण्याजोगी आवृत्ती सिद्ध करणे हे पहिले काम. ‘ख्रिस्तपुराणा’ला १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी देवनागरीत आणले आणि त्यामुळे मराठी वाङ्मयेतिहासात त्याची जागा पक्की झाली, उत्तर कोकणाच्या ग्रंथालाही तसाच न्याय मिळावयास हवा. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. वसईच्या गावांत वृद्ध स्त्रीपुरुषांच्या स्मरणात उपवासकाळची जी पदे, ज्या चाली, जे शब्द शिल्लक असतील ते ध्वनिमुद्रित करून ठेवणे. वसई-विरार आता महानगर झाले आहे; वाड्या जाऊन इमारती उभ्या राहत आहेत आणि बोलणारे कंठ कमी होत आहेत. छापील ग्रंथ ग्रंथालयात वाट पाहू शकतो. चाल ही गाणाऱ्याबरोबरच जाते. येत्या उपवासकाळी वही घेऊन गावात जाणारा एखादा विद्यार्थी ह्या विषयाची मोठी सेवा करील.