बेचिराख: ओसाड गढ्या, बंद वाडे आणि कॅमेरा

आजचा विषय ओसाड जागांचा आहे आणि तो मी नांदूरघाटात मांडतोय, याचं मला थोडं हसू येतंय. गावाच्या नावाची व्युत्पत्ती स्थलनामांच्या अभ्यासकांनी सांगावी, मी सांगणार नाही. पण 'नांदूर' म्हटलं की आपल्या कानाला 'नांदणं' ऐकू येतं. घर नांदतं, गाव नांदतं, सून नांदते. या शब्दाच्या अगदी उलट टोकाला जे आहे, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत ओस पडलेल्या इमारती शोधायच्या, आत शिरायचं आणि फोटो काढायचे, हा जगभर एक छंद झाला आहे. जपानचं हाशिमा बेट १९७४ साली कोळशाची खाण बंद झाल्यावर रिकामं झालं. चेर्नोबिलच्या शेजारचं प्रिप्यात शहर २७ एप्रिल १९८६ ला बसमध्ये घालून हलवलं. आपल्याकडे राजस्थानातलं कुलधरा आहे, १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेलं धनुष्कोडी आहे. आता आपल्या केज, धारूर, अंबाजोगाई पट्ट्यातली मुलंही मोबाईल आणि ड्रोन घेऊन गढ्यांवर चढतात. चांगलं आहे. मी त्यांना नावं ठेवायला उभा नाही. उलट बऱ्याच गढ्यांचं जे काही उरणार आहे ते या मुलांच्या मोबाईलमध्येच उरणार आहे, असं माझं मत आहे. म्हणूनच त्या फोटोंबद्दल नीट बोलायला पाहिजे.

सुरुवात एका शब्दापासून करू. 'बेचिराख'. आपण हा शब्द 'जळून खाक' अशा अर्थाने वापरतो, कारण शेवटी 'राख' ऐकू येते. पण त्या राखेचा इथे काही संबंध नाही. मूळ फारसी शब्द 'बे-चिराग', म्हणजे दिवा नसलेलं. गाव बेचिराग झालं म्हणजे तिथे संध्याकाळी दिवा लावणारं कोणी राहिलं नाही. भिंती उभ्या असतील, मारुती जागेवर असेल, आडाला पाणी असेल. पण दिवा नाही. महसुलाच्या दप्तरात तो रोजच्या वापरातला शब्द होता. आणि गाव बेचिराख झालं तरी दप्तरातून त्याचं नाव जात नसे. आजही नाही जात. जनगणनेत निर्जन गावांची वेगळी नोंद होते, त्यांना शिवार असतं, गट नंबर असतात. नाही ती फक्त माणसं.

आता ही गावं ओस का पडत? सगळ्यात मोठं कारण दुष्काळ. १६३० ते १६३२ हा दख्खनचा महादुष्काळ, आणि त्यातच शाहजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आलेल्या. १६३१ च्या सुरुवातीला आझमखानाने तुमच्या शेजारचा धारूरचा किल्ला घेतला. वरून पाऊस नाही, खालून लष्कर. त्यात गाव टिकणार कसं? पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिदकुलीखान याने ओस गावं पुन्हा वसवायचा खटाटोप केला, बी-बियाण्याला आणि बैलांना तगाई दिली. मराठेशाहीच्या कागदांतही हे वारंवार दिसतं: उजाड गावाला कौल द्यायचा, पडीक जमिनीला इस्तावा लावायचा, म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र आणि मग दरसाल थोडा चढता. पळून गेलेल्या रयतेला धाक दाखवून उपयोग नसतो, तिला बोलावून आणावं लागतं, हे राज्यकर्त्यांना कळत होतं.

आणि एक गंमत बघा. 'ओसाड गावची पाटीलकी' ही म्हण आपण टिंगल म्हणून वापरतो. पण ओसाड गावची पाटीलकी ही खरोखर भांडण्याजोगी गोष्ट होती. गाव उठलं तरी वतन उठत नसे. वतनदार परागंदा झाला, दोन पिढ्या गेल्या आणि गाव पुन्हा वसायला लागलं, की नातू येऊन म्हणायचा, पाटीलकी आमची. मग गोतसभा, साक्षी, कागदपत्रं. म्हणजे जी जागा आपल्याला रिकामी दिसते, तिच्यावर हक्क सांगणारी माणसं कुठेतरी जिवंत असतात. फोटो काढणाऱ्याने हे आधी डोक्यात घ्यावं.

आता गढीकडे येऊ. मराठवाड्यातली गढी म्हणजे डोंगरी किल्ला नव्हे. गावातल्या उंचवट्यावर, पाटील-देशमुखाच्या वाड्याभोवती उभारलेली तटबंदी. खाली दगड, वर पांढऱ्या मातीचे बुरूज, त्यांत जंग्या. आत ढाळज, चौक, ओसरी, भिंतीत धान्याची बळदं, जमिनीत पेव, एखादा आड. वरती माळवद. पेंढारी किंवा लुटारू आले की सगळं गाव गुराढोरांसकट आत यायचं.

ही पांढरी माती समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी. पिढ्यान्पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, खापरं एकावर एक साठून पांढर तयार होते. त्याच मातीच्या भिंती, त्याच मातीचं माळवद. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरायची, ठोकून बसवायची, गवत उपटायचं. एक वर्ष चुकलं तर चालतं. तीन-चार वर्षं चुकली की पाणी तुळईत मुरतं, सागाची तुळई कुजते आणि एखाद्या भाद्रपदात सगळा खण खाली बसतो. म्हणून दगडी देऊळ हजार वर्षं रिकामं उभं राहील. माळवदाचा वाडा रिकामा दहा-पंधरा वर्षंसुद्धा धड राहत नाही. त्याला माणूस लागतो. आणि पडल्यावर ती माती वाया जात नाही. गावाची पांढर पिकाला खत म्हणून मानतात. गढीच्या पोटातून ट्रॉल्या भरभरून माती शेतात जाते. पांढरीची काळी होते म्हणा ना. इतिहासाच्या अभ्यासकाला हे बघून वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण ज्याचं रान खडकाळ आहे त्याला मी काय सांगू?

गढ्या रिकाम्या का झाल्या, याचं उत्तर देताना लोक 'काळाच्या ओघात' असं लिहितात. हा शब्दप्रयोग मला अजिबात आवडत नाही. काळाला ओघ वगैरे नसतो, तारखा असतात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. ज्या उत्पन्नावर वीस-तीस खणांचा वाडा आणि त्यातली गडीमाणसं पोसली जात, ते उत्पन्नच गेलं. कुळाच्या नावावर जमीन झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. आणि त्याच घटनेची दुसरी बाजू म्हणजे पडकी ढाळज. पुढे वाटण्या झाल्या, शिकलेली मुलं संभाजीनगरला, पुण्याला गेली. १९७२ चा दुष्काळ आला. या तालुक्यात धनेगावला मांजरा धरण झालं, त्यात शिवारं गेली.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. ५० हून अधिक गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. जुनी किल्लारी तशीच मागे राहिली. पण भूकंपाचा एक परिणाम मोजदादीत आला नाही. जिथे भिंतीला तडाही गेला नव्हता, तिथेही माणसांचा माळवदावरचा विश्वास उडाला. त्या हिवाळ्यात लोक अंगणात झोपले आणि मग हळूहळू अंगणातच पत्र्याची खोली उभी राहिली. मागचा वाडा तेव्हापासून बंद. अशा वाड्याचा फोटो बघताना पुढची पत्र्याची खोली चौकटीबाहेर ठेवायची, म्हणजे फोटो 'प्राचीन' दिसतो. खरं तर सगळी गोष्ट त्या पत्र्याच्या खोलीत आहे.

हे चौकटीबाहेर ठेवणं जुनंच आहे. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या चित्रावर त्याने आपलं नाव कोरलं. ओसाड जागी जाऊन नाव लिहिणाऱ्या मंडळींचा हा आद्य पुरुष. त्याने लेणी 'शोधली' असं आपण शाळेत शिकतो. आता, लेण्यांजवळच्या गावाचं नाव काय? लेणापूर! ज्यांच्या गावाचं नावच लेणापूर, त्यांना लेणी माहीत नव्हती?

त्यामानाने मेजर रॉबर्ट गिलबद्दल मला आदर आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवायला पाठवलं. वर्षानुवर्षं तो तिथे राहिला आणि भिंतीवरची चित्रं मोठ्या कॅनव्हासवर उतरवत गेला. त्यातली बहुतेक चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, आणि १८६६ च्या आगीत ती जळाली. पण गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याचे फोटो १८६४ मध्येच फर्ग्युसनबरोबरच्या पुस्तकात छापून झाले होते. ते वाचले. फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका, हा धडा गिलच्या नशिबाने दिला आहे.

निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ. संस्थानातले किल्ले, कबरी, वेरूळ-दौलताबाद त्यांच्या कॅमेऱ्याने टिपलं, आणि ते फार देखणं आहे. पण १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांच्याच स्टुडिओने औरंगाबादेतल्या हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटोही काढले. ते दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. भग्न वास्तू आणि उपाशी माणूस एकाच मुलखातले आहेत, हे त्या दोन अल्बमांत कुठेच एकत्र दिसत नाही. आपण ते एकत्र बघायचं.

आणि कॅमेऱ्याशिवायही हे काम होतं बरं का. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर तेरच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू गोळा केल्या. खापरं, मणी, मातीच्या मूर्ती. लोकांना ज्याचं मोल नव्हतं, त्यातून तेरचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. त्यांच्या नावाचं आहे ते. जरूर बघा.

आता तुमच्याच गावांकडे येतो. मला अलीकडे काही फोटो दाखवण्यात आले. डिसेंबरातली सकाळ, एक अख्खी गल्ली, दोन्ही बाजूंना कुलपं, एका फाटकाला बाभळीची काटी लावलेली, एक कुत्रं. खाली लिहिलं होतं, 'भुताचं गाव'. फोटो उत्तम होता. पण तुम्हाला आणि मला माहीत आहे ती माणसं कुठे असतात. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत. तिथे उसाच्या फडाजवळ कोपी घालायची आणि पाच-सहा महिने त्यात काढायचे. गावात म्हातारीकोतारी आणि हंगामी वसतिगृहातली पोरं.

म्हणजे त्या फोटोतली दारं ओसाड नव्हती, कामावर गेली होती. जुन्या दप्तरात गाव पूर्ण बेचिराख व्हायचं ते दुष्काळात, लढाईत. आपण दरवर्षी, सगळं सुरळीत चाललेलं असताना, अर्धं गाव सहा महिने बिनदिव्याचं ठेवतो. त्याला भुताचं गाव म्हटलं की मुकादम, उचल, कारखाना, साखर, यातलं कुणीच फोटोत येत नाही. मला वाटतं, या जिल्ह्यात ओसाड जागांचे फोटो काढणाऱ्याची खरी परीक्षा गढीवर नाही, या गल्लीत आहे.

काही व्यवहाराचं सांगतो. तुम्ही तिपाई आणि बॅटरी घेऊन अनोळखी गावच्या गढीत शिरलात, तर लोक तुम्हाला कलाकार समजणार नाहीत, गुप्तधनवाले समजतील. आणि त्यांचं चुकत नाही. बुरुजाच्या पायात खणलेले ताजे खड्डे मी अनेक ठिकाणी पाहिलेत. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे. म्हणून आधी पारावर जा, कोणाचा वाडा ते विचारा, जमलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या. गावठाणातल्या घरांना सातबारा नव्हता म्हणून मालकी धूसर होती; २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका मिळायला लागल्या आहेत, तेव्हा पडक्या वाड्यांनाही आता मालकांची नावं लागतील. आणि पेवात उतरू नका. बंद पेवात वायू साठतो, माणसं गेली आहेत त्यात. जुनी माणसं आधी कंदील दोरीने खाली सोडायची. दिवा विझला तर उतरायचं नाही.

फोटोच्या मागे तारीख टाका, महिना नक्की टाका, आणि शेवटचं कोण राहत होतं, कधी आणि कशामुळे गेलं, एवढ्या दोन ओळी लिहा. त्या डिसेंबरच्या गल्लीचं म्हणाल, तर पाडव्यानंतर ट्रॅक्टर परतायला लागतात. त्याच जागी उभं राहून दुसरा फोटो काढता येईल.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या ओळीतल्या आजींनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरू करू.