स्वरलेखनातील कालमापन : पलुसकर व भातखंडे यांच्या दोन लिपी

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द छंदःशास्त्रात ऱ्हस्व अक्षराच्या उच्चारास लागणारा काळ दाखवितो, लेखनात अक्षराच्या शिरावरील तिरकी रेघ दाखवितो आणि तालात ठेक्याचे एक एकक दाखवितो. (वैद्यांच्या मात्रेचा विचार येथे कर्तव्य नाही.) यांपैकी पहिला व तिसरा अर्थ एकाच कुळातले असले, तरी त्यांचे माप एक नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या तालाध्यायात पाच लघु अक्षरांच्या उच्चाराचा काळ म्हणजे एक मात्रा, असे मान सांगितले आहे. वैयाकरणाची मात्रा आणि गायकाची मात्रा यांत असा पाचपटीचा भेद तेव्हाच मान्य झालेला होता.

स्वर कोणता, हे लिहिण्याची सोय भारतात फार जुनी आहे. सा, रे, ग, म ही स्वरनामांची आद्याक्षरे कुडुमियामलै येथील सातव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात कोरलेली आहेत. तो स्वर किती काळ टिकतो, हे लिहिणे मात्र तितके सरळ नाही. युरोपातही हाच क्रम दिसतो. आरेझ्झोच्या ग्विदोने अकराव्या शतकात रेघांवर स्वर मांडले. स्वरचिन्हाच्या आकृतीवरूनच त्याचा काळ ओळखण्याची व्यवस्था कोलोनच्या फ्रांकोने बांधून दिली, ती तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. एकोणिसाव्या शतकात मुद्रण आणि संगीतशाळा यांमुळे आपल्याकडे स्वरलेखनाची निकड उत्पन्न झाली, तेव्हा बंगालमधील पद्धतींना ‘दंडमात्रिक’ व ‘आकारमात्रिक’ अशी नावे पडली. नावे स्वरांवरून न पडता मात्रांवरून पडली, यातच अडचण कोठे होती ते दिसून येते.

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन उत्तरे निघाली. पहिले विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांचे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून त्यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. बालपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झालेल्या या गायकाने डोळ्यांनी वाचण्याची इतकी बारीक लिपी रचावी, हे विलक्षणच. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वर आपला काळ स्वतःबरोबर बाळगतो. स्वराखाली आडवी रेघ असेल तर एक मात्रा, शून्य असेल तर अर्धी, अर्धचंद्र असेल तर पाव. दोन स्वरांखाली रेघा, पुढील दोहोंखाली शून्ये आणि त्यापुढील चोहोंखाली अर्धचंद्र असतील, तर आठ स्वरांच्या मिळून चार मात्रा भरतात. वाचणाऱ्याला बेरीज करीत जावे लागते. पण एखादा स्वर ओळीतून वेगळा काढला तरी त्याचे मोल हरवत नाही.

दुसरे उत्तर विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे. त्यांच्या लिपीत काळ स्वरावर नसून जागेवर आहे. दशमान पद्धतीत अंकाची किंमत जशी स्थानावरून ठरते, तसेच हे होय. उभ्या रेघांनी तालाचे विभाग पाडलेले असतात व प्रत्येक विभागात मात्रांची घरे असतात. एका घरात अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली कंस ओढून ते एकत्र बांधावयाचे. मागील स्वर पुढील घरात चालू राहिला तर तेथे आडवी रेघ आणि गीताच्या शब्दांत अवग्रह द्यावयाचा. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या चार विभागांत मांडल्या, की पहिलीखाली ×, पाचवीखाली २, नववीखाली ० आणि तेरावीखाली ३ एवढ्या खुणांनी समेपासून खालीपर्यंतचा सारा आराखडा नजरेत भरतो. वकिली पेशातील या संशोधकाने ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या ग्रथित केल्या. एवढ्या मोठ्या संग्रहास झटपट लिहिता येणारी आणि कमी खिळ्यांत जुळविता येणारी लिपीच सोयीची होती. पुढे तीच अधिक पसरली, याचे निदान एक कारण तरी हे असावे.

या दोन लिपींत चिन्हे तीच, पण अर्थ उलटे, असे प्रकार आढळतात. भातखंडे यांच्याकडे स्वरावरील बिंदू तार सप्तक दाखवितो. पलुसकरांकडे तोच बिंदू मंद्राचा, आणि तारासाठी शिरावर उभी रेघ. पलुसकरांचा मंद्र षड्ज दुसऱ्या लिपीच्या सवयीने वाचला, तर तो दोन सप्तके वर चढतो. शून्य एकीकडे अर्धी मात्रा, दुसरीकडे खाली. लिपी न ओळखता जुन्या पुस्तकातील बंदिशीवरून चलनाविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

खुद्द एकाच लिपीतही चिन्ह आणि कार्य यांची फारकत होते. रूपक तालाच्या सात मात्रा तीन, दोन, दोन अशा विभागल्या जातात आणि त्याची पहिली मात्रा सम असूनही खाली आहे. तेथे भातखंडे लिपीत × न येता ० येतो. हे चिन्ह हाताची क्रिया नोंदविते. आवर्तनाचा आरंभ तेथे आहे, हे वाचकाने जाणून घ्यावयाचे असते.

विलंबित ख्यालात तर दोन्ही लिपी एका मर्यादेपाशी थांबतात. एकतालाची एकेक मात्रा इतकी लांबते, की तिच्या घरात स्वरांचा पुंजका मावतो. त्यातील अंतरे कंसाने बांधली जातात, मोजली जात नाहीत. पलुसकरांची चिन्हे येथे अधिक काटेकोर खरी, परंतु गाणारा त्या पाव मात्रांशी बांधील राहत नाही. देवनागरीत ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च एकच लिहिला जातो. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य, हे मराठी माणूस कानाने शिकलेला असतो. मुखडा समेवर कसा आणावा, हेही त्याच वाटेने शिकले जाते.

जुनी स्वरलिपी हाती आली असता प्रथम सप्तकांच्या खुणांकडे न पाहता तालाच्या ओळीकडे पाहावे. सम × ने आणि खाली ० ने दाखविलेली असेल, तर लेखन भातखंडे पद्धतीचे. सम १ ने आणि खाली + ने दाखविलेली असेल, तर पलुसकरांच्या. बिंदूंचा अर्थ त्यानंतर लावावा.