वेष्टन, विद्युत् तारांचे

विद्युत् वाहक तारेवर बाहेरून चढविलेल्या, धाग्यांच्या विणीपासून केलेल्या नळीसारख्या आच्छादनास विणीव वेष्टन म्हणतात. रेशीम, सूत, नायलॉन व पॉलिएस्टर हे धागे निरनिराळ्या काळांत यासाठी वापरण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धाग्याचे आवरण हेच तारेचे निरोधन (विद्युत् प्रवाह बाहेर निसटू न देणारा थर) होते. पुढे गटापर्चा, रबर व प्लॅस्टिक यांनी ते काम आपल्याकडे घेतले, तेव्हा वेष्टनाकडे घर्षणापासून रक्षण एवढेच कार्य उरले. आणि हौशी लोकांनी स्वतः जुळविलेल्या संगणकांत तर ते बव्हंशी शोभेपुरते राहिले. तथापि शोभेसाठी चढविलेल्या या वेष्टनाखाली तारांचे ओळखरंग झाकले जातात, व त्यामुळे या कामातील चूक यंत्र जाळण्याइतकी महाग पडू शकते.

धाग्यांचे निरोधन : रेशमातून विद्युत् वाहत नाही, ही गोष्ट स्टीव्हन ग्रे व ग्रॅनव्हिल व्हीलर यांना १७२९ मध्ये इंग्लंडमध्ये जवळजवळ अपघाताने कळली. विद्युत् दूरवर नेण्याच्या प्रयोगात त्यांनी सुतळी रेशमी दोऱ्यांवर टांगली होती. दोरा तुटला म्हणून त्याजागी तितकीच बारीक पितळी तार लावताच प्रयोग फसला. आधार बारीक असण्याला महत्त्व नसून तो रेशमाचा असण्याला आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

या गुणाचा मोठा उपयोग जवळजवळ शंभर वर्षांनी झाला. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये केलेल्या विद्युत् चुंबकात तार उघडी असून लोखंडावर रोगणाचा लेप होता. उघडे वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून ते विरळ ठेवावे लागत; त्यामुळे चुंबक सु. ४ किग्रॅ. वजनच उचलू शके. अमेरिकेत ऑल्बनी येथे शिकविणारे जोसेफ हेन्री यांनी लोखंडाऐवजी तारच रेशमाने गुंडाळली, तेव्हा वेढ्याला वेढा लावून एकावर एक थर घेता आले. येल महाविद्यालयासाठी १८३१ मध्ये त्यांनी केलेल्या चुंबकाने ९०० किग्रॅ. पेक्षा अधिक वजन पेलले. या रेशमासाठी त्यांच्या पत्नीच्या परकराच्या पट्ट्या फाडल्याची कथा सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. त्याच वर्षी मायकेल फॅराडे यांनी विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध ज्या लोखंडी कड्यावर लावला, त्यावरील वेढ्यांमध्ये सुतळी व कॅलिको कापड घातलेले होते. या कापडाचे नाव केरळमधील कालिकत बंदरावरून पडले आहे, हे येथे सहज नमूद करण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेच्या कोरड्या हवेत सूत व रेशीम उपयोगी पडले. जमिनीत व पाण्यात मात्र ते टिकले नाही. सॅम्युएल मोर्स यांच्या वॉशिंग्टन-बॉल्टिमोर तारायंत्र मार्गासाठी सूत गुंडाळून लाखेचा लेप दिलेल्या तारा शिशाच्या नळीत घालून पुरण्याचे काम १८४३ मध्ये सुरू झाले. निरोधन सदोष असल्यामुळे ते सोडून द्यावे लागले आणि तारा खांबांवर चढवून १८४४ मध्ये मार्ग सुरू झाला. मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा हा पदार्थ याच दशकात यूरोपात पोहोचला. व्हेर्नर झीमेन्स यांनी १८४७ मध्ये तो तारेवर अखंड नळीप्रमाणे दाबून बसविण्याची युक्ती काढली व १८५१ मध्ये डोव्हर-कॅले या सागरी केबलीने गटापर्चाची योग्यता सिद्ध केली. धाग्याचे निरोधक म्हणून असलेले महत्त्व येथून ओसरू लागले [⟶ केबल].

वीण व यंत्र : धागा तारेवर नुसता गुंडाळला, तर एका ठिकाणी तुटताच तो उलगडत जातो. विणलेल्या नळीस हा दोष नसतो. अशी वीण घालणाऱ्या यंत्राचे एकस्व (पेटंट) मँचेस्टर येथील टॉमस वॉलफर्ड यांना १७४८ मध्ये मिळाले. पुढे जर्मनीतील बार्मेन (आता वुपरटाल शहराचा भाग) हे गाव नाड्या, फिती व लेस यांच्या विणकामाचे मोठे केंद्र झाले. नाड्यांसाठी निघालेली ही यंत्रे तारांसाठी वापरण्यात फारशी अडचण नव्हती. मध्यभागी पोकळीऐवजी तार सोडली की झाले.

यंत्राची चाल कोकण व गोवा येथील गोफनृत्य पाहिलेल्यास लगेच समजेल. गोफात वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके धरून निम्मे नर्तक एका दिशेने व निम्मे उलट दिशेने जातात. समोरून येणाऱ्या एकाच्या आतून व दुसऱ्याच्या बाहेरून जात ते वेणी घालतात. यंत्रात नर्तकांच्या जागी धाग्याच्या रिळांचे वाहक असतात आणि ते नागमोडी खाचांतून फिरतात. नर्तक उलट पावलांनी गोफ उकलतात, यंत्र मात्र तयार झालेली वीण पुढे ओढून घेत राहते.

अशा नळीत धागे तारेच्या अक्षाशी तिरके असतात. तिची टोके जवळ ढकलली, की धाग्यांतील कोन वाढून नळी फुगते. ताणली, की ती अरुंद होऊन आतील वस्तू घट्ट धरते. तारेपेक्षा अरुंद दिसणारी नळी तारेवर चढविता येते, ती याच गुणामुळे.

रबर ते प्लॅस्टिक : चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये एकस्व मिळालेल्या प्रक्रियेने गंधकयुक्त टिकाऊ रबर बनू लागले व घरगुती तारांसाठी ते रूढ झाले. गंधकाचा तांब्यावर परिणाम होऊ नये म्हणून तारेला कथिलाचा मुलामा देत, त्यावर रबर व रबराच्या रक्षणार्थ सुती वीण असे. मुंबई-पुण्याकडील जुन्या चाळींतून व वाड्यांतून लाकडी पट्ट्यांत बसविलेल्या तारा आणि छतापासून दिव्यापर्यंत लोंबणारी, पीळ दिलेली सुती आवरणाची जोडतार ही याच पिढीतील होय. कालांतराने रबर कडक होऊन त्याला तडे जात. पण वरची वीण शाबूत दिसे. घरातील तार धड आहे, हा समज त्यामुळे पुष्कळदा फसवा ठरे.

वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पॉलिव्हिनिल क्लोराइड मऊ व लवचिक करण्याची रीत शोधली. हे प्लॅस्टिक निरोधक होतेच, शिवाय हव्या त्या रंगात मिळू लागले. त्यामुळे तारेचा रंग हीच तिची ओळख ठरली व सुती वीण घरगुती तारांतून हळूहळू नाहीशी झाली. विमाने, दूरध्वनी केंद्रे व मोठी यंत्रे यांत मात्र अनेक तारांची मोळी एकत्र बांधण्याची गरज कायम होती. ती मेणलावल्या दोऱ्याने ठराविक अंतरावर गाठी मारून बांधीत. या गाठींनी कामगारांच्या हातांना घट्टे पडत. मॉरस लोगन यांनी १९५८ मध्ये योजलेला दातेरी प्लॅस्टिक पट्टीचा बंध (केबल टाय) हा त्यावरचा उपाय होता. नायलॉन (१९३५) व पॉलिएस्टर (१९४१) या कृत्रिम धाग्यांच्या फुगणाऱ्या नळ्याही पुढे अशा मोळ्यांवर चढविण्यात येऊ लागल्या. उष्णता देताच आकसणारी नळी (हीट श्रिंक) या शतकार्धात त्यांच्या जोडीला आली; वेष्टनाची सुटी टोके धरून ठेवण्यास तिच्यासारखे सोयीचे साधन नाही.

संगणकातील वेष्टन : ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी या संगणकाचा पॉवर सप्लाय अवघा ६३·५ वॉटचा होता व त्याच्या तारा बंद पेटीत कोणास दिसत नसत. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकात मुख्य कनेक्टरला २० पिना होत्या, त्या २००३ पासून २४ झाल्या. या मानकात पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, नारिंगी ३·३ व्होल्टची, काळी शून्य दाबाची, हिरवी संच चालू करण्याच्या संकेताची व जांभळी संगणक बंद असतानाही मिळणाऱ्या ५ व्होल्टची असते.

सन २००० च्या सुमारास हौशी लोक पेटीला पारदर्शक खिडकी कापून आत दिवे लावू लागले, तेव्हा रंगीबेरंगी तारांचा गुंता डोळ्यांत भरू लागला. प्रथम सर्व मोळीवर एकच नळी चढवीत. नंतर प्रत्येक तारेस स्वतंत्र वेष्टन देण्याची पद्धत पडली. त्यामुळे पेटीतील हवा अधिक मोकळी खेळते, असे समर्थन केले जाई. प्रत्यक्षात हा लाभ अल्प असून खरे कारण नीटनेटकेपणाची आवड हेच होते. काहींनी हवाई छत्रीच्या ५५० पौंड (सु. २५० किग्रॅ.) भार पेलणाऱ्या नायलॉन दोरीतील आतले पेड काढून पोकळ वीण तारेवर चढविली. दुसऱ्या महायुद्धात रेशमाचा पुरवठा तुटल्यामुळे छत्र्यांत नायलॉन आले होते. हेन्रींच्या तारेवरील रेशमाचा वारसदार असा फिरून तारेवरच आला.

हे काम चिकाटीचे आहे. पिन तिच्या घरातून बारीक हत्याराने सोडवितात, मोजून कापलेली नळी तारेवर सरकवितात, तिचे टोक किंचित वितळवून पिनेजवळ आकसत्या नळीने बसवितात व पिन पूर्ववत घालतात. एका संगणकात अशा तारांची संख्या सहज पन्नासच्या वर जाते. सर्व तारा एका रंगाच्या झाल्यावर कोणती कोठे जाते हे सांगणारी एकमेव खूण, म्हणजे प्लॅस्टिकचा रंग, दिसेनासा होतो. म्हणून पिना सोडविण्यापूर्वी प्रत्येकीची जागा लिहून ठेवणे व शेवटी मापकाने प्रत्येक तार तपासणे आवश्यक असते. २४ पिनांच्या कनेक्टरमधील १३ व्या पिनेत दोन तारा येऊ शकतात. त्यांतील बारीक तार ३·३ व्होल्टचा दाब प्रत्यक्ष टोकापाशी किती आहे, हे संचास कळविते. ती अनावश्यक समजून कापली, तर हा दाब नीट राखला जात नाही.

तारा संचाला कायमच्या जोडलेल्या असल्यास काही जण वेष्टन मुळापर्यंत नेण्यासाठी संच उघडतात. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या संचातील धारित्रांत (कपॅसिटर) ३२५ ते ४०० व्होल्ट एकदिश दाब साठलेला असतो व वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. हा धोका जीवावरचा आहे. सुट्या केबलींच्या संचांमुळे तो टळला. पण दुसरा उत्पन्न झाला. अशा केबलीच्या संगणकाकडील टोकास मानक आहे, संचाकडील टोकास नाही. एका संचाची केबल दुसऱ्यात अगदी नीट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोहोचून माहिती साठविणारी चकती क्षणात जळते. वेष्टनाखालील रंग दिसत असते, तरी ही चूक ध्यानात येईलच असे नाही. वेष्टनाने ती शक्यताही उरत नाही.

आलेखन कार्डांसाठी २०२२ मध्ये आलेल्या १६ पिनांच्या कनेक्टरमधून ६०० वॉटपर्यंत शक्ती नेण्याची तरतूद आहे, म्हणजे १२ व्होल्टच्या सहा पिनांतून प्रत्येकी ८ अँपिअरहून अधिक प्रवाह जातो. तो पुरता आत न बसल्यास किंवा प्रवाह सर्व पिनांत सारखा न वाटला गेल्यास सांधा तापतो. त्या वर्षी ऑक्टोबरपासून असे कनेक्टर वितळल्याच्या घटना उजेडात आल्या. सुधारित रचनेत (२०२३) संकेताच्या पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून कनेक्टर अर्धवट बसल्यास शक्ती मिळूच नये. केबल कनेक्टरपाशीच न वाकविता सु. ३५ मिमी. सरळ ठेवावी असा इशाराही देण्यात येऊ लागला. कसून चढविलेल्या वेष्टनाने तारा ताठ होतात व अरुंद पेटीत त्यांचा ताण सांध्यावर येतो. त्यामुळे या केबलींवर काम करणारे कारागीर वीण काहीशी सैल ठेवतात.