बालवाडीतील खेळाधारित शिक्षण

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना खेळण्याच्या ओघात भाषा, संख्या, हातांचे कौशल्य, स्वतःवरचा ताबा आणि इतरांशी वागण्याची रीत अवगत व्हावी, अशी आखणी असलेली पूर्वप्राथमिक शिक्षणपद्धती. इथे खेळ म्हणजे अभ्यासानंतरचा विसावा नव्हे, आणि कडू औषधाबरोबर दिलेली साखरही नव्हे. तोच शिकण्याचा मार्ग असतो. व्यवहारात याची तीन रूपे दिसतात. काय खेळायचे, कुणाशी आणि किती वेळ, हे सारे मूल ठरवते तो मुक्त खेळ. शिक्षिका मनात एक उद्दिष्ट धरून साहित्य मांडते, पण खेळाची दोरी मुलाच्या हाती ठेवते तो मार्गदर्शित खेळ. आणि नियम व क्रम शिक्षिकाच ठरवते तो गटाने घ्यायचा खेळ. या पद्धतीवरचा वाद ‘खेळ की अभ्यास’ असा रंगवला जातो, तो मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. आजवरचा पुरावा नीट पाहिला तर खेळ म्हटले की विकास आपोआप होतो असे दिसत नाही, आणि लवकर गिरवायला बसवले की मूल पुढे जाते असेही दिसत नाही. मांडणी मोठ्यांनी विचारपूर्वक केलेली असावी आणि पुढाकार मुलाकडे राहावा, हे दोन्ही एकत्र आले की फळ मिळते. यातले एक सुटले की दुसरे लंगडे पडते.

या विचाराला पहिले व्यवस्थित रूप दिले ते फ्रीड्रिख फ्रोबेलने. जर्मनीतल्या थुरिंगियात बाट ब्लांकेनबुर्ग येथे त्याने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. त्याने तयार केलेल्या खेळण्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी दोऱ्याला बांधलेल्या लोकरीच्या चेंडूंची, दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोलाची, तिसरी आठ छोट्या घनांत सुटणाऱ्या एका मोठ्या घनाची. तिसऱ्या देणगीत मूल घन मोडते, त्याची खुर्ची करते, पायऱ्या करते, पुन्हा घन जुळवते. अखंड आणि भाग यांचा संबंध कुणी न सांगता हाताखालून जातो. प्रशियाच्या सरकारला मात्र या किंडरगार्टन शाळांमध्ये नास्तिकतेचा आणि समाजवादाचा वास आला आणि १८५१ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. ती उठली १८६० मध्ये, फ्रोबेल वारल्यानंतर आठ वर्षांनी. मारिया माँटेसरीने ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तिला या परंपरेत बसवताना थोडे जपून बोलायला हवे, कारण मुले करतात त्याला ती ‘काम’ म्हणत असे आणि लुटुपुटूच्या कल्पित खेळाबद्दल तिला फारशी आस्था नव्हती. तरीही साहित्य मुलाच्या उंचीवर ठेवायचे, निवड त्याला करू द्यायची आणि चूक त्याची त्यालाच कळेल असे साहित्य बनवायचे, ही तिची तत्त्वे आजच्या मार्गदर्शित खेळाचा कणा आहेत.

महाराष्ट्रात हा विचार आला तो गुजरातच्या वाटेने. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. या दोघींचे कर्तृत्व बहुधा सेवाभावाच्या चौकटीत सांगितले जाते. त्यात त्यांची शैक्षणिक कामगिरी झाकली जाते. माँटेसरीचे मूळ साहित्य महाग आणि ठरावीक मापाचे. त्यामागचे तत्त्व कायम ठेवून त्यांनी साहित्य बदलले: शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या. बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले लहानमोठे लावताना मुलाची नजर तेच काम करते, जे रोममध्ये लाकडी दट्ट्यांवर होत असे. वस्तीतल्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी रानात भरणारी कुरणशाळा हे त्यांचेच प्रयोग. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा केंद्र सरकारने अंगणवाडी हेच नाव उचलले. नावाबरोबर पद्धतही तितकीच उचलली गेली असती, तर पुढच्या बऱ्याच चर्चेची गरजच पडली नसती.

खेळातून नेमके काय घडते हे पाहण्यासाठी ‘चिऊ भुर्र’ हा साधा खेळ घ्यावा. मुले गोल बसून बोटे जमिनीवर टेकवतात. खेळ घेणारी ‘चिऊ भुर्र’, ‘काऊ भुर्र’ म्हणत हात वर नेते आणि मुलेही नेतात. मध्येच ती त्याच लयीत ‘म्हैस भुर्र’ म्हणते, स्वतः हात वर करते, आणि ज्याने आपला हात आवरला तो टिकतो. चार वर्षांच्या मुलाला इथे एका दमात तीन गोष्टी साधायच्या असतात: उडणारे कोण हा नियम लक्षात ठेवणे, समोरच्याचा हात वर जाताना पाहूनही आपला रोखणे, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा सैल होणे. मानसशास्त्रात यांना कार्यकारी क्षमता म्हणतात आणि पुढे वर्गात बसून लक्ष देण्याचा पाया त्याच असतात. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळातही हेच घडते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्कीने १९३३ मधल्या व्याख्यानात म्हटले की खेळात मूल मोकळे असते असे वाटते, पण प्रत्यक्षात ते नियमाला स्वखुशीने बांधून घेते. त्याच्या परंपरेतल्या झिनाइदा मनुइलेंको हिने १९४० च्या दशकात हे तपासले. नुसते ‘हलू नको’ म्हटल्यावर मुले जितका वेळ उभी राहिली, त्याहून कितीतरी जास्त वेळ पहारेकऱ्याची भूमिका घेतल्यावर निश्चल उभी राहिली. भातुकलीतही तेच आहे. ‘तू पेशंट, तू आत्ता बोलायचं नाहीस’ असे दटावले की एरवी क्षणभर गप्प न बसणारे मूल डोळे मिटून पडून राहते. शिवाय भातुकली सुरू होण्याआधी जी घासाघीस होते, आई कोण, दुकानदार कोण, पानाची किंमत किती, त्यात लांब वाक्ये, ‘जर-तर’ची रचना आणि दुसऱ्याच्या मनाचा अंदाज हे सगळे वापरावेच लागते.

संख्येच्या बाबतीत पुरावा आणखी नेमका आहे. मूल एक ते वीस अंक घडाघडा म्हणते म्हणून त्याला मोजता येते असे नाही. सहा चिंचोके दे म्हटले की ते मूठभर उचलून देते. प्रत्येक वस्तूला एकच अंक आणि शेवटचा अंक म्हणजेच एकूण संख्या, ही समज बोट ठेवून, वाटून, हरून-जिंकून येते. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये अल्प उत्पन्न कुटुंबांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांची सरळ पट्टी असलेला सोंगटीचा खेळ खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. तरीही कोणती संख्या मोठी आणि कोणती कुठे बसते याची मुलांची जाण स्पष्ट सुधारली. दुसऱ्या अभ्यासात ही सुधारणा नऊ आठवड्यांनीही टिकलेली आढळली. रंगांची पट्टी खेळणाऱ्या मुलांना असा लाभ झाला नाही आणि पुढच्या प्रयोगात गोलाकार पटापेक्षा सरळ पट सरस ठरला. घरोघरची सापशिडी या वयाला तितकी उपयोगी नाही ती याच कारणाने. तिथे ओळ संपली की अंक उलट दिशेला वळतात आणि दर ओळीला मुलाचा अंदाज चुकतो. अंगणात खडूने आखलेली दहा घरांची सरळ पट्टी अधिक कामाची. खेळातला हा बारकावा मोठ्यांनीच आधी विचारात घ्यायचा असतो. मूल तो घेऊ शकत नाही.

म्हणूनच मुक्त आणि मार्गदर्शित खेळातला फरक महत्त्वाचा ठरतो. केली फिशर, कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना आकार तीन प्रकारे शिकवले. एका गटाला शिक्षिकेने त्रिकोण म्हणजे काय ते सांगितले, दुसऱ्या गटाला तेच गुपित शोधून काढायला लावून सूचक प्रश्न विचारले, तिसऱ्याला आकार खेळायला देऊन सोडून दिले. दुसऱ्या गटाने निमुळता, कलता, ओळखीचा न वाटणारा त्रिकोणही त्रिकोण म्हणून ओळखला आणि ती जाण आठवड्यानंतरही राहिली; तिसरा गट मागे पडला. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग दुसरी बाजू दाखवतो. चार करामती असलेले खेळणे देताना मोठ्याने एकच करामत ‘असं करायचं’ म्हणून शिकवली, तर मुले तीच करत राहिली आणि उरलेल्या कमी शोधल्या. काहीच न शिकवलेली मुले जास्त वेळ खेळली आणि जास्त शोधू शकली. केली स्कीन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुरुवातीचे गणित आणि आकारज्ञान यांत थेट शिकवण्यापेक्षा मार्गदर्शित खेळाचा परिणाम चांगला दिसला. इतर बऱ्याच बाबींत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या, हेही त्याच अभ्यासात आहे आणि खेळाच्या कैवाऱ्यांनी ते लपवू नये.

आक्षेप हलके नाहीत. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कल्पित खेळावरच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला. भातुकलीसारख्या खेळामुळेच बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. कदाचित इतर कारणांनी हुशार असलेली मुलेच असा खेळ जास्त खेळत असतील, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप मान्य करावा लागतो. पण तो खेळावर नाही, खेळाबद्दलच्या मोठ्या दाव्यांवर आहे, आणि नेमके उद्दिष्ट धरून रचलेल्या खेळाला तो लागू पडत नाही. दुसरा आक्षेप भारतातला आणि अधिक बोचरा आहे. दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये प्रथम संस्थेच्या बालवाड्यांतल्या दीड हजारांहून अधिक मुलांवर मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी गणिती खेळांचा प्रयोग केला. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. संख्या आणि आकार यांची नैसर्गिक जाण वाढली आणि वर्षभरानेही दिसली, पण शाळेतल्या औपचारिक गणिताला तिचा टिकाऊ फायदा झाला नाही. कारण शोधताना दिसते की त्या खेळांमध्ये लिहिलेले अंक आणि अंकांची नावे यांच्याशी सांधा फारसा जोडलेला नव्हता. मुलाच्या बोटांना जे कळले आहे त्याला वर्गातले चिन्ह कुणीतरी जोडून द्यावे लागते. चार चिंचोके आणि पाटीवरचा ४ एकत्र यावे लागतात. हे काम शिक्षिकेचे, आणि ते टाळून नुसते खेळत राहणे हे गरीब घरच्या मुलांवर अन्यायकारक आहे, कारण सुस्थितीतल्या घरात हा सांधा आई-वडील सहज जोडून देतात.

पालकांचा आक्षेप साधा असतो: खेळायचेच तर घरी खेळेल, फी कशाला? आणि समोरच्या शाळेतले मूल केजीतच एबीसीडी लिहिते. लिहिण्याचे उत्तर शरीर देते. मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी बरीच या वयात अजून कूर्चाच असतात, आणि पेन्सिल धरण्याची चिमूट मातीचे गोळे, मणी ओवणे, सागरगोटे झेलणे यांतून घडते. लवकर शिकवल्याने मिळणाऱ्या आघाडीबद्दल मात्र घाईने बोलू नये. अमेरिकेत मिशिगनच्या इप्सिलांटी गावातल्या पेरी बालवाडीत १९६० च्या दशकात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांपैकी ५८ जणांना मुलांच्या पुढाकारावर आधारलेली बालवाडी मिळाली. चाळिशीपर्यंत त्यांचे उत्पन्न इतरांपेक्षा जास्त आणि अटकांचे प्रमाण कमी राहिले. हा पुरावा खेळाच्या बाजूने सर्रास दिला जातो, पण त्यात घरभेटी होत्या, शिक्षिका प्रशिक्षित होत्या आणि मुले मोजकी होती. श्रेय एकट्या खेळाचे नाही. त्याच गावातल्या ६८ मुलांच्या दुसऱ्या प्रयोगात थेट पाठ देणारी पद्धत आणि खेळाच्या दोन पद्धती यांची तुलना झाली. बुद्ध्यंक तिन्ही गटांत सारखाच वाढला, वर्तनाच्या तक्रारी मात्र पुढे पहिल्या गटात जास्त आढळल्या. नमुना लहान म्हणून त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. टेनेसी राज्यातल्या २०२२ च्या अभ्यासात, चिठ्ठी टाकून सरकारी बालवाडीत प्रवेश मिळालेली मुले सहावीत इतरांच्या मागे पडलेली दिसली. यातून खेळ जिंकला असे ठरत नाही, कारण खेळाची तिथे तुलनाच झाली नव्हती. पण लहान वयात वर्ग भरवला म्हणजे फायदा होतोच, ही समजूत त्यामुळे टिकत नाही, आणि पालकांची सगळी भिस्त तर तिच्यावरच असते.

भारताचे धोरण आता या बाजूला झुकले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्यासाठी खेळावर आधारित अभ्यासक्रम आराखडा आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते यांची ‘जादूई पिटारा’ ही पेटी. अडचण आहे ती अंमलाची. अंगणवाडी सेविकेला पूरक आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचा पाठपुरावा, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरणे एवढे सगळे सांभाळायचे असते. पूर्वशालेय शिक्षण हे एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांपैकी एक. तीन आणि सहा वर्षांची मुले एकाच खोलीत असतात, ही मात्र पाठ घेताना अडचण असली तरी खेळताना सोयच ठरते, कारण मोठ्या मुलांकडून धाकटी खेळाचे नियम उचलतात. साहित्य हरवले तर भरपाई कोण देणार, या धास्तीने पेटी कपाटात राहते. तुटफूट गृहीत धरून दरवर्षी साहित्य बदलून देण्याची तरतूद केल्याशिवाय ती बाहेर येणार नाही. मूल्यमापनासाठी परीक्षेऐवजी निरीक्षणाच्या नोंदी सांगितल्या आहेत. कोणत्या मुलाने आज वाटणी बरोबर केली, कोण प्रथमच आपली पाळी येईपर्यंत थांबले, हे त्यांत यायला हवे. चाळीस मुलांमागे एकच सेविका असेल तर त्या नोंदी दिवसअखेरीला अंदाजाने भरल्या जातात.