जर्मनीचा मूलभूत कायदा : मुदत उलटलेली दोन वचने

२३ मे १९४९ रोजी बॉन येथे जाहीर झालेला ‘ग्रुंडगेझेट्स’ म्हणजेच मूलभूत कायदा ही जर्मनीची राज्यघटना होय. १९१९च्या वायमार घटनेतही हक्कांची दीर्घ यादी होती. परंतु त्यांतील अनेक कलमे केवळ मार्गदर्शक मानली गेली. हा अनुभव जमेस धरून नव्या घटनाकारांनी पहिल्याच अनुच्छेदात स्पष्ट केले, की मूलभूत हक्क विधिमंडळ, शासन आणि न्यायसंस्था या तिघांनाही थेट बंधनकारक आहेत. तरीही दोन वचनांच्या पूर्ततेस संसदेने दीर्घ विलंब लावला.

स्त्री-पुरुष समानता

घटना तयार करणाऱ्या संसदीय परिषदेच्या ६५ सदस्यांत केवळ ४ स्त्रिया होत्या. त्यांपैकी एलिझाबेथ सेल्बर्ट या विधिज्ञ सदस्येने स्त्री-पुरुष समान हक्कांचे निःसंदिग्ध कलम सुचविले. प्रारंभी ते फेटाळले गेले. मात्र देशभरातील स्त्रीसंघटनांनी पत्रांचा वर्षाव केल्यावर जानेवारी १९४९ मध्ये ते स्वीकारण्यात आले. तेच आजच्या अनुच्छेद ३ मधील समानतेचे कलम. १९०० पासून लागू असलेल्या नागरी संहितेत मात्र वैवाहिक जीवनातील निर्णयाचा अधिकार पतीकडे होता. अशा विसंगत कायद्यांत बदल करण्यासाठी अनुच्छेद ११७ ने ३१ मार्च १९५३ ही मुदत घालून दिली.

संसदेने ती मुदत पाळली नाही. १८ डिसेंबर १९५३ रोजी कार्ल्सरूहे येथील संघराज्य घटना न्यायालयाने निर्णय दिला, की मुदत संपताच समानता हाच लागू कायदा झाला असून न्यायाधीशांनी तो थेट अमलात आणावा. त्यानंतर काही वर्षे कौटुंबिक वाद नव्या संहितेविनाच, घटनेच्या आधारे सोडविले गेले. समानतेचा कायदा १९५७ मध्ये संमत होऊन १ जुलै १९५८ पासून लागू झाला. परंतु मुलांविषयी आईवडिलांत मतभेद झाल्यास अंतिम शब्द पित्याचाच, ही तरतूद त्यातही शिल्लक राहिली. २९ जुलै १९५९ रोजी न्यायालयाने तीही रद्द ठरविली.

विवाहबाह्य संततीचे हक्क

विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना इतर मुलांइतकीच संधी मिळेल असे कायदे करावेत, असा आदेश अनुच्छेद ६ मध्ये आहे. त्यास मुदत नव्हती, आणि नेमकी तीच सबब झाली. जन्मदाता पिता आणि असे मूल हे परस्परांचे नातेवाईक नव्हेत, असे नागरी संहिता मानीत राहिली. २० वर्षे लोटल्यावर, २९ जानेवारी १९६९ रोजी, न्यायालयाने चालू संसदेच्या कार्यकाळाअखेरपर्यंतची मुदत दिली. कायदा न झाल्यास घटनेचा आदेश न्यायालये थेट लागू करतील, असेही बजावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा संमत झाला आणि १ जुलै १९७० पासून अमलात आला.

वारसाहक्कातील समानतेस मात्र १९९८ साल उजाडले. १ जुलै १९४९ पूर्वी जन्मलेले तेव्हाही वगळलेलेच राहिले. २००९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरविल्यानंतर २०११ मध्ये कायदा बदलला. तोवर त्या पिढीने साठी ओलांडली होती.

भारतातील समांतर उदाहरण

भारतीय राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ नुसार १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने १० वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, प्रयत्न करावयाचे होते. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयामार्फत त्याची अंमलबजावणी करून घेता येत नव्हती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन प्रकरणात त्यास हक्काचे रूप दिले. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला.

दोन्ही देशांत घटनेचा शब्द कोणी पुसला नव्हता. तो केवळ लांबणीवर टाकला गेला. जर्मनीत मुदत उलटताच न्यायाधीशांना तो शब्द थेट लागू करता आला, भारतात प्रथम त्यास हक्क म्हणून मान्यता मिळवावी लागली. प्रतीक्षेची किंमत मात्र दोन्हीकडे त्या काळात वाढलेल्या मुलांनीच मोजली.