मांडीवरचे प्रवासी

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान उतरताना कोसळले. त्यातील चार लहानग्यांना स्वतंत्र आसन नव्हते. मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी तेव्हाच्या शिकवणीप्रमाणे त्यांना पायांशी, खाली ठेवायला सांगितले. एक मूल दगावले. पुढे ब्राउन यांनी तान्ह्यांनाही पट्ट्याचे आसन सक्तीचे व्हावे म्हणून अनेक वर्षे लढा दिला. अपघात-चौकशी मंडळाने १९९० मध्ये तशीच शिफारस केली. विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये सक्ती नाकारली. युक्तिवाद असा, की जादा तिकिटामुळे कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक जीव जातील. हा हिशेब सहज खोडता येत नाही. तरीही उड्डाणावेळी पिशवीसुद्धा नीट ठेवायला लावणारा नियम मूल मात्र आईबापांच्या हातांवर सोपवतो.